पाऊस, पीक, कर्ज : जोखमीच्या संख्याशास्त्रात संशोधक-प्राध्यापक व्हायचं असेल तर

संख्याशास्त्रात बी.एस्सी. किंवा एम.एस्सी. करणाऱ्या पुण्यातल्या मुलामुलींसमोर साधारण दोन वाटा असतात. एक हिंजवडी-खराडीच्या आयटी कंपन्यांकडे जाते, दुसरी नेट-सेट देऊन कॉलेजात शिकवण्याकडे. उपयोजित संख्याशास्त्रात, त्यातही जोखमीच्या मॉडेलिंगमध्ये संशोधन करत शिकवायचं, या तिसऱ्या वाटेबद्दल नीट माहिती सहसा मिळत नाही. हा लेख त्या वाटेविषयी आहे.

या विषयासाठी पुण्याइतकं सोयीचं शहर शोधून सापडणं अवघड आहे. शिवाजीनगरला हवामान विभागाचं कार्यालय आहे. पाषाणला आयआयटीएम ही उष्णदेशीय हवामानाची संशोधन संस्था आणि आयसर ही विज्ञान शिक्षण-संशोधन संस्था, बीएमसीसी रस्त्यावर गोखले संस्था, कोंढव्याला राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था म्हणजे एनआयबीएम, बालेवाडीला राष्ट्रीय विमा अकादमी, आणि राज्याचं कृषी आयुक्तालयही इथेच. पाऊस, पीक, बँक आणि विमा या चारही जोखमींचे आकडे सांभाळणारी माणसं एका शहरात भेटतात. मॉडेल बांधणारे आज भरपूर झालेत. आकडा शेतात, पर्जन्यमापकावर किंवा बँकेच्या शाखेत नेमका कसा जन्माला येतो, हे माहीत असणारे कमी आहेत, आणि या क्षेत्रात टिकतात ते हेच लोक. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे गृहीत धरून सांगितल्या आहेत.

पाया : बी.एस्सी. आणि एम.एस्सी.

गणित नको म्हणून संख्याशास्त्र घेतलं, असं करणारे बरेच असतात. एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात ते अडकतात, कारण तिथे संभाव्यता थेट मेझर थिअरीच्या भाषेत सुरू होते. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा हे दोन विषय गणिताच्या मुलांच्या तोडीनं व्हायला हवेत. कसोटी साधी आहे. युनिफॉर्म आणि पॉइंटवाइज कन्व्हर्जन्समधला फरक उदाहरणासकट सांगता यायला हवा, आणि सिमेट्रिक मॅट्रिक्सचं स्पेक्ट्रल विघटन न अडखळता करता यायला हवं. हे जमत नसेल तर एम.एस्सी.च्या आधीची उन्हाळ्याची सुट्टी यालाच द्या.

एम.एस्सी.साठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग आहे, शहरातली काही महाविद्यालयं आहेत आणि सिम्बायोसिसची स्वतंत्र सांख्यिकी संस्थाही आहे. बाहेर जायची तयारी असेल तर आयआयटींसाठी 'जाम' परीक्षेचा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स हा पेपर द्या. कुठेही गेलात तरी ऐच्छिक विषय निवडताना चार विषय सोडू नका : जनरलाइज्ड लिनिअर मॉडेल्स, सर्व्हायव्हल ॲनालिसिस, टाइम सिरीज आणि सॅम्पल सर्व्हे. शेवटचा विषय अनेकांना जुनाट वाटतो. पण जोखमीच्या संशोधनात सर्वांत जास्त चुका नमुना निवडीतच होतात, आणि त्या ओळखणारे लोक कमी आहेत. मशीन लर्निंगचा कोर्स असेल तर जरूर घ्या, फक्त या चारांपैकी एखाद्याच्या बदल्यात नको.

एम.एस्सी.चा प्रकल्प उरकून टाकायची गोष्ट नाही. पीएच.डी.च्या मुलाखतीत अर्धा वेळ त्यावरच जातो. इंटरनेटवर हजारो जणांनी वापरलेला तयार डेटासेट घेतला, तर "हे आकडे कोणी गोळा केले?" या पहिल्याच प्रश्नावर गप्प बसावं लागतं.

संगणकावरचं काम

आर किंवा पायथन यांपैकी एक भाषा पक्की आणि दुसरी वाचता येण्याइतकी हवी. जोडीला लेटेक (गणिती मजकूर लिहायला) आणि गिट (कोडच्या आवृत्त्या जपायला). एवढं पुरतं. सवय मात्र पहिल्या दिवसापासून एकच ठेवा : मूळ फाइलला हात लावायचा नाही. कच्चे आकडे एका फोल्डरमध्ये तसेच राहू द्या, आणि प्रत्येक दुरुस्ती कोडमध्ये लिहा. एक्सेलमध्ये हातानं दुरुस्त केलेला एक आकडा दोन वर्षांनी परीक्षकानं विचारला, तर तो कुठून आला हे सांगता येत नाही. सिम्युलेशनला सीड द्या, म्हणजे तेच रँडम आकडे पुन्हा मिळतील, आणि कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती वापरली तेही नोंदवा.

नेट, सेट आणि आकडेमोड गुणांची

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यासाठी सीएसआयआर-यूजीसी नेटमध्ये वेगळा पेपर नाही. 'मॅथेमॅटिकल सायन्सेस' याच पेपरात त्याचा विभाग असतो. पेपर ३ तासांचा आणि २०० गुणांचा. भाग 'अ'मधले २० पैकी १५ प्रश्न सोडवायचे, प्रत्येकी २ गुण. भाग 'ब'मधले ४० पैकी २५, प्रत्येकी ३ गुण. भाग 'क'मधले ६० पैकी २०, प्रत्येकी ४.७५ गुण. 'अ' आणि 'ब'मध्ये चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. 'क'मध्ये कापत नाहीत, पण तिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात.

म्हणजे ९५ गुण 'क' भागात आहेत, आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते संख्याशास्त्राच्या विभागातून आणि लिनिअर अल्जिब्रातून मिळवता येतात. मार्कोव्ह चेन, पर्याप्तता आणि यूएमव्हीयूई, लाइकलिहुड रेशो चाचण्या, गॉस-मार्कोव्ह, बहुचल नॉर्मल, सॅम्पलिंग आणि डिझाइन यांवर हात बसला असेल, तर कॉम्प्लेक्स ॲनालिसिससाठी महिने घालवायची गरज नाही. अनेक जण घाबरून सगळा पेपर थोडा थोडा करतात आणि 'क' भागात एकही प्रश्न पूर्ण सोडवू शकत नाहीत.

सेट ही महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची परीक्षा पुणे विद्यापीठच घेतं. तिला निगेटिव्ह मार्किंग नाही, वयाची अट नाही, आणि एकदा उत्तीर्ण झालात की प्रमाणपत्र कायमचं. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून दोन्ही परीक्षा देत राहा. २०२४ पासून नेटचा निकाल तीन गटांत लागतो : जेआरएफसह (म्हणजे संशोधनाच्या फेलोशिपसह), सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या गटातले गुण पीएच.डी. प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. त्यामुळे निकाल लागण्याआधीच गाइडचा शोध सुरू झालेला असावा.

विषयाच्या आधी आकडा : पीकविम्याचं उदाहरण

"मला मशीन लर्निंग वापरून जोखमीवर काम करायचंय" हा विषय होत नाही. विषय आकड्यातून निघतो. तो कसा निघतो, हे एका उदाहरणात खोलवर पाहू.

१९७६ साली गोखले संस्थेच्या वि. म. दांडेकरांनी पीकविम्यासाठी क्षेत्राधारित पद्धत मांडली. एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजत बसणं खर्चिक असतं आणि त्यात गैरवापरालाही वाव राहतो. त्याऐवजी सारख्या हवामानाच्या एका क्षेत्राचं सरासरी उत्पादन मोजायचं, आणि ते ठरलेल्या पातळीखाली गेलं तर त्या क्षेत्रातल्या सगळ्या विमाधारकांना भरपाई द्यायची. १९८५ ची सर्वंकष पीकविमा योजना याच तत्त्वावर उभी राहिली, आणि २०१६ च्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेचा गाभाही हाच आहे. भरपाईचं सूत्र असं : उंबरठा उत्पादनातून, म्हणजे त्या ठरलेल्या पातळीतून, प्रत्यक्ष उत्पादन वजा करा, उंबरठा उत्पादनानं भागा आणि विमा रकमेनं गुणा. उंबरठा हेक्टरी १,००० किलो, प्रत्यक्ष ७०० किलो आणि विमा रक्कम ५०,००० रुपये असेल, तर भरपाई १५,००० रुपये.

आता विचारा, ते 'प्रत्यक्ष उत्पादन' येतं कुठून? पीक कापणी प्रयोगातून. रँडम आकड्यांनी शेत निवडतात, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, कापणी करून धान्य वजन करतात. प्रमुख पिकासाठी एका गावात किंवा ग्रामपंचायतीत किमान ४ प्रयोग. इथे सॅम्पलिंगचा अभ्यास कामाला येतो. गावातल्या शेताशेतांतल्या उत्पादनात ३० टक्के कोएफिशंट ऑफ व्हेरिएशन, म्हणजे सरासरीच्या तुलनेतलं प्रमाण विचलन, धरा. ४ प्रयोगांच्या सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे ती खऱ्या आकड्यापासून साधारण किती हलते ते, १५ टक्के होते. समजा गावाचं खरं उत्पादन बरोबर उंबरठ्याइतकंच आहे, म्हणजे भरपाई शून्य असायला हवी. तरीही अंदाज निम्म्या वेळा उंबरठ्याखाली जाईल आणि सरासरी भरपाई विमा रकमेच्या ६ टक्के निघेल, म्हणजे १५ टक्क्यांना नॉर्मल घनतेच्या ०.३९९ नं गुणून येणारी रक्कम. उलट, खरं उत्पादन उंबरठ्यापेक्षा १० टक्के कमी असेल, तर शंभरात साधारण २३ वेळा गावाला एक रुपयाही मिळणार नाही. प्रयोग ४ ऐवजी १६ केले, तर ही २३ ची संख्या ७ वर येते.

एवढी गणितं एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात करता येतात, आणि त्यातून लगेच तीन संशोधनाचे प्रश्न उभे राहतात. शेजारच्या गावांची आणि उपग्रहाची माहिती जोडून स्मॉल एरिया एस्टिमेशननं, म्हणजे कमी नमुन्याच्या लहान क्षेत्रांसाठीच्या अंदाजपद्धतीनं, ही त्रुटी किती कमी होईल? गावाचा आकडा बरोबर असूनही एखाद्या शेतकऱ्याचं शेत वेगळं वागतं, ती बेसिस रिस्क किती? आणि उंबरठा ठरवताना सुधारित नियमांप्रमाणे सात वर्षांतली सर्वोत्तम पाच वर्षं घेतात, त्यानं काय होतं?

या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ऑर्डर स्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे लहान-मोठ्या क्रमानं लावलेल्या मूल्यांच्या गणितात, आहे. उत्पादन नॉर्मल आणि वर्षं एकमेकांपासून स्वतंत्र मानली, तर सातातल्या वरच्या पाचांची अपेक्षित सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा ०.४२ प्रमाण विचलनानं वर असते. वर्षावर्षांतला चढउतार २५ टक्के असेल तर ही उंची सुमारे १०.५ टक्के. उंबरठा म्हणजे या सरासरीचा हमीइतका टक्का. त्यामुळे कागदावरची ८० टक्के हमी खऱ्या सरासरीच्या सुमारे ८८ टक्के होते आणि ७० टक्क्यांची सुमारे ७७ टक्के. हप्ता ठरवणाऱ्यानं हे लक्षात घेतलं नाही, तर दर कमी पडतो. यात शेतकऱ्याच्या बाजूचं आणि विमा कंपनीच्या बाजूचं असं दोन्हीकडचं सत्य एकाच सूत्रात दिसतं, म्हणून नवख्याला पहिला विषय म्हणून आम्ही हाच सुचवतो.

एक सूचना मनापासून. असा विषय घेतलात तर किमान एका हंगामात पुरंदर-इंदापूर किंवा जवळच्या कुठल्याही तालुक्यात जाऊन कापणी प्रयोग प्रत्यक्ष बघा. निवडलेलं शेत आधीच कापलेलं निघालं तर बदली शेत कसं घेतात, ओलं धान्य वाळल्यावरच्या वजनात कसं बदलतात, नोंद त्याच दिवशी होते की नंतर, हे कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं आणि अंदाजातला कल मात्र तिथेच शिरतो.

पावसाचे आकडे : कुठे घसरायला होतं

हवामान विभागाची पुण्याची इमारत जुने पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणून ओळखतात, कारण १९२८ मध्ये विभागाचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं होतं. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस पाव अंशाच्या चौकटींत मांडलेला हवामान विभागाचा ग्रिड डेटा पुणे कार्यालयाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतो. अतिवृष्टीवर काम करायचं तर सुरुवात इथून होते, आणि चुकाही इथेच सुरू होतात.

पहिली चूक अगदी साधी. गहाळ नोंद उणे ९९९ अशी लिहिलेली असते. ती आधी काढली नाही तर सरासरी कोसळते, आणि कमाल मूल्य मात्र ठीक दिसतं, म्हणून चूक लवकर कळत नाही. दुसरी तारखेची. पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि बेरीज दुसऱ्या तारखेवर पडते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आणणारा पाऊस नोंदीत २६ तारखेला सापडतो. बातम्यांच्या तारखा आणि पावसाच्या तारखा सरळ जोडल्या, तर संबंधच दिसत नाही. तिसरी चूक खोल आहे. ग्रिडमधला आकडा आसपासच्या केंद्रांवरून काढलेला असतो. सरासरीमुळे टोकाची मूल्यं गुळगुळीत होतात, आणि केंद्रांची संख्या दशकागणिक बदललेली आहे. अशा आकड्यांवरून "अतिवृष्टी वाढली" म्हणण्याआधी, सबंध काळ चालू असलेल्या मोजक्या केंद्रांवर तोच निष्कर्ष तपासून घ्या.

टोकाच्या घटनांच्या सिद्धांतात, म्हणजे एक्स्ट्रीम व्हॅल्यू थिअरीत, दोन पद्धती पहिल्या वर्षातच हाताखालून जायला हव्यात : वर्षाचा कमाल पाऊस घेऊन जीईव्ही (कमाल मूल्यांसाठीचं) वितरण बसवणं, आणि ठरावीक उंबरठ्यावरचा पाऊस घेऊन जनरलाइज्ड पॅरेटो बसवणं. दुसऱ्या पद्धतीत लागोपाठचे पावसाचे दिवस एकाच घटनेचे असतात, म्हणून आधी डीक्लस्टरिंग, म्हणजे एका घटनेची एकच नोंद ठेवणं, करावं लागतं. नाही केलं तर प्रमाण त्रुटी खोटी कमी निघते. परतीच्या पातळीची, म्हणजे ठरावीक वर्षांतून सरासरी एकदा ओलांडल्या जाणाऱ्या पातळीची, विश्वासमर्यादा देताना प्रोफाइल लाइकलिहुड वापरा. अंदाजाच्या दोन्ही बाजूंना सारखं अंतर असलेली मर्यादा वरच्या बाजूला बहुतेक वेळा अपुरी पडते. 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा पूर ३० वर्षांत किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के असते, हे प्रशासनाला समजावून सांगता येणं हेही या कामाचाच भाग आहे.

मुठेच्या पुरावर काम करणाऱ्यांनी १२ जुलै १९६१ चं काय करायचं हे आधी ठरवावं. तो पूर पानशेत धरण फुटल्यानं आला. पावसानं येणाऱ्या वार्षिक कमाल पुरांच्या यादीत तो टाकला, तर शेपटी जाड होते आणि पुढचे सगळे अंदाज बिघडतात. गाळून टाकला, तर धरणफुटीची जोखीम शून्य धरल्यासारखं होतं. दोन्ही कारणं वेगळी ठेवून स्वतंत्र मॉडेल करणं हाच मार्ग आहे. प्रबंधात हा निर्णय एका परिच्छेदात स्पष्ट लिहा.

मॉन्सूनच्या अंदाजाचा इतिहासही प्रत्येक नवशिक्यानं वाचावा. वसंत गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली तयार झालेलं १६ घटकांचं मॉडेल १९८८ पासून वापरात होतं. २००२ साली अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता, आणि प्रत्यक्षात देशभरातला पाऊस सरासरीपेक्षा १९ टक्के कमी पडला. २००३ मध्ये कमी घटकांची नवी मॉडेल्स आली. घटक जास्त, वर्षं कमी, आणि घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळानुसार बदलणारा, अशी स्थिती असली की कोणतंही प्रतिगमन कधी ना कधी फसतंच. तुमच्या मॉडेलला बदलत्या संबंधांची चाचणी दिली का, हा प्रश्न व्हायव्हात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, येणार असं धरूनच चाला.

कर्जाची जोखीम

बँकांकडे वळणाऱ्यांसाठी पायाभूत सूत्र एकच : अपेक्षित तोटा म्हणजे पीडी (कर्ज बुडण्याची शक्यता), एलजीडी (बुडाल्यावर हातचा जाणारा हिस्सा) आणि ईएडी (बुडताना बाकी असलेली रक्कम) यांचा गुणाकार. १० लाखांचं कर्ज, बुडण्याची शक्यता २ टक्के, बुडाल्यावर हातचं जाणारं ४५ टक्के, तर अपेक्षित तोटा ९,००० रुपये. अवघड असतं ते या तीन आकड्यांचा अंदाज.

कर्जदारनिहाय माहिती गोपनीय असते. "गाइड झाल्यावर मिळेल" या भरवशावर नोंदणी करू नका. आधी लेखी करार करा, नावं काढलेली फाइल हातात घ्या आणि मगच सिनॉप्सिस लिहा. करार न झाल्यानं दोन वर्षांनी विषय बदलावे लागल्याची उदाहरणं शहरात कमी नाहीत. करार होत नसेल, तर रिझर्व्ह बँकेची सार्वजनिक आकडेवारी घेऊन क्षेत्रनिहाय थकबाकीवर काम करता येतं.

फाइल मिळाल्यावर पहिला आठवडा मॉडेल करू नका. प्रत्येक स्तंभ कर्ज देण्याच्या दिवशी माहीत होता की नंतर भरला, ते विचारा. 'वसुलीचे फोन किती केले' हा स्तंभ मॉडेलला अप्रतिम अचूकता देतो, कारण तो थकबाकी झाल्यावरच भरला जातो. दुसरं, फाइलमध्ये फक्त मंजूर झालेली कर्जं असतात. नाकारलेल्यांबद्दल तिच्यातून थेट काही कळत नाही. तिसरं, थकीत म्हणजे ९० दिवस, पण १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळात रिझर्व्ह बँकेच्या सवलतीनुसार हप्ते पुढे ढकलता येत होते आणि त्या खात्यांचे दिवस मोजले जात नव्हते. त्या महिन्यांतली कमी थकबाकी हे कमी जोखमीचं लक्षण नाही. चौथं, आकडे ट्रेनिंग आणि टेस्टमध्ये रँडम वाटू नका. जुन्या वर्षांवर बांधा, नंतरच्या वर्षांवर तपासा. एकाच वर्षातल्या कर्जदारांना एकच आर्थिक धक्का बसलेला असतो, आणि रँडम वाटणीत तो दोन्हीकडे शिरतो.

बुडीत कर्ज एकही नसलेला गटही भेटेल. ३०० कर्जदार आणि शून्य थकबाकी असेल, तर पीडी शून्य लिहायची नाही. ९५ टक्के विश्वासानं वरची मर्यादा साधारण ३ भागिले ३००, म्हणजे १ टक्का. बाजार-जोखमीत व्हीएआर, म्हणजे ठरावीक विश्वासानं दिवसाचा तोटा ज्याच्या आत राहील ती मर्यादा, तपासताना ९९ टक्के पातळीवर २५० दिवसांत अडीच उल्लंघनं (तोटा मर्यादेबाहेर गेलेले दिवस) अपेक्षित असतात. बाझलच्या आंतरराष्ट्रीय बँक-नियमांत चारपर्यंत उल्लंघनं असतील तर मॉडेल हिरव्या पट्ट्यात, पाच ते नऊ पिवळ्या, दहापासून लाल. पण उल्लंघनं सलग दिवसांत आली असतील, तर संख्या हिरव्यात असूनही मॉडेल सदोष असू शकतं.

गाइड आणि नोंदणी

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा काळ किमान ३ आणि कमाल ६ वर्षं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. म्हणून गाइड शोधताना पहिला प्रश्न 'जागा आहे का' हाच. दुसरा प्रश्न निवृत्तीच्या तारखेचा. तो विचारायला संकोच वाटतो, पण वाट्याला आलेल्या वर्षांचा हिशोब नंतर कोणी करून देत नाही.

ईमेल लहान लिहा. त्यांच्या एका शोधनिबंधातला कोणता निष्कर्ष वाचला, तुमच्याकडे कोणते आकडे आहेत किंवा मिळू शकतात, आणि कोणती परीक्षा उत्तीर्ण आहात, एवढ्या तीन गोष्टी. सोबत प्रकल्पाची दोन पानं. 'आदरणीय सर, मी आपल्या मार्गदर्शनाखाली…' इतक्यावर संपणाऱ्या पत्रांना उत्तर येत नाही. भेट मिळाली तर त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांशीही चहावर बोलून घ्या. मसुदा किती दिवसांत वाचून मिळतो, हे तेच सांगतील.

एक धोक्याची सूचना. हवामान किंवा बँकिंगच्या संस्थेत काम करताना पीएच.डी.ची नोंदणी कोणत्या विषयात होते ते पाहा. पदवीवर 'वातावरणशास्त्र' किंवा 'व्यवस्थापन' लिहिलेलं असेल, तर पुढे संख्याशास्त्राच्या जागेसाठी 'संबंधित विषय' ठरतो की नाही यावरून छाननीत अर्ज अडकू शकतो. एम.एस्सी. आणि नेट गणितीय विज्ञानात असेल तर बाजू बळकट राहते. तरीही शक्य असेल तिथे नोंदणी संख्याशास्त्रात करून सहमार्गदर्शक त्या संस्थेतला घ्या.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, नंतर एसआरएफ (वरिष्ठ फेलोशिप) ४२,००० आणि घरभाडं वेगळं. हप्ते उशिरा येतात, त्यामुळे चार-सहा महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा. फेलोशिप नसेल तर पूर्णवेळ संशोधन आणि पूर्णवेळ नोकरी एकत्र करण्याचा अट्टहास टाळा. बहुतेक प्रबंध याच ओढाताणीत रखडतात.

छापणं

मान्य नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक चांगलं की नाही हे आता स्वतःच ठरवावं लागतं. तुम्ही ज्यांचे निबंध उद्धृत करता ते लोक तिथे लिहितात का, हे पाहा. 'सात दिवसांत प्रकाशन' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. तिथे गेलेला निबंध पुढे मुलाखतीत अडचणच करतो. महालनोबिसांनी १९३३ मध्ये सुरू केलेलं 'संख्या', इंडियन स्टॅटिस्टिकल असोसिएशनचं नियतकालिक आणि हवामानाच्या कामासाठी 'मौसम' ही आपल्याकडची प्रतिष्ठित ठिकाणं. पहिल्या निबंधाला एका फेरीत होकार मिळेल अशी अपेक्षा नको. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमानं उत्तर द्या आणि बदललेली ओळ दाखवा. प्रबंधातल्या मजकूर-साम्याची मर्यादा १० टक्के आहे. पद्धतीच्या प्रकरणात ती ओलांडली जाते, कारण व्याख्या जशाच्या तशा उतरवलेल्या असतात. त्या स्वतःच्या चिन्हांत मांडा.

नोकरी

सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही किमान पात्रता. २०२३ पासून पीएच.डी. ऐच्छिक आहे, पण संशोधन विभागात आणि चांगल्या खाजगी विद्यापीठांत तिच्याशिवाय पुढे सरकणं कठीण. अनुदानित जागेचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. अशा जागा कमी निघतात. आरक्षणाचा रोस्टर, ना-हरकत आणि जाहिरात यांत बराच काळ जातो. मधल्या काळात सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवण्याची वेळ येते. मानधन मान्य तासांचंच असतं आणि उन्हाळ्यात ते थांबतं. सीएचबी करायचीच तर आठवड्यातले दोन सलग दिवस संशोधनासाठी राखून उरलेल्या दिवसांत तास घ्या. तासांची संख्या वाढवत गेलात तर निबंध होत नाहीत, आणि निबंध नसले की कायम जागेची मुलाखत हातची जाते.

जाहिरात यायच्या आधी कागदपत्रं तयार ठेवा. जात वैधता, मुदतीतलं नॉन-क्रीमी लेअर, नेट-सेटचं मूळ प्रमाणपत्र, आणि टक्केवारीऐवजी ग्रेड असतील तर विद्यापीठाचं रूपांतर-पत्र. शेवटच्या आठवड्यात रूपांतर-पत्र मिळत नाही.

विमागणिताकडे कल असेल तर ॲक्च्युअरींच्या परीक्षांमधले सीएस-१ आणि सीएस-२ हे दोन पेपर बघून ठेवा. त्यातला बराच अभ्यास एम.एस्सी.त झालेला असतो, आणि ते शिकवू शकणारी व्यक्ती विभागाला उपयोगी पडते.

मुलाखतीत दहा मिनिटांचं प्रात्यक्षिक व्याख्यान देतात. उमेदवार आपल्या प्रबंधावर बोलायला लागतात आणि समितीला काही कळत नाही. प्रथम वर्षाच्या वर्गाला समजेल असा एकच विषय घ्या, उदाहरणार्थ ४ कापणी प्रयोगांची सरासरी. फळ्यावर पाच उत्पादनं लिहा, त्यातून चार-चार निवडून पाचही सरासऱ्या काढा, त्या पसरलेल्या दाखवा आणि मग प्रमाण त्रुटी म्हणजे काय ते सांगा. खडूची सवय नसेल तर आधी रिकाम्या वर्गात तीन-चारदा लिहून पाहा. अक्षर मागच्या बाकापर्यंत दिसतंय का, हे मित्राला मागे बसवून तपासा.